जीम गिरवायची पेटी

मुलीला तिच्या दादींच्या जुन्या उर्दू पत्रावरून अक्षर गिरवायचं होतं. खिडकीच्या काचेवर कागद धरून हात दुखायचा आणि मगरिबनंतर काम थांबायचं. म्हणून आम्ही लाकडी पेटी केली. आधी काचेखाली ६० वॅटचा बल्ब लावला आणि चुकलो. काच तापली, पत्राची कड वळू लागली. दादी आता नाहीत, पत्र हे एकच. बल्ब तेव्हाच काढला.

मग १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणि तिचा ॲडाप्टर आणला. पेटी ३५ बाय २५ सेंटीमीटर; मागून १०, पुढून ५ उंच, म्हणजे मान फार वाकत नाही. आतून पांढरा रंग, वर काचेऐवजी दुधी ॲक्रिलिक. पट्टी तळाशी चिकटवली, कापली ती खुणेवरच. पुढच्या कमी उंचीत दिव्यांचे ठिपके दिसायचे, तिथे आतून ट्रेसिंग पेपर लावला. पत्रावर मात्र पारदर्शक प्लास्टिक ठेवाच, नाहीतर पेन्सिलीचा दाब उमटतो.

तिला ‘जीम’चं पोट जमत नव्हतं. तीनदा गिरवायचं, मग दिवा बंद करून चौथा जीम मनाने काढायचा, असा नियम केला. काल तिने काढला. ‘दादींचा जास्त गोल आहे,’ असं म्हणत तिनेच दिवा पुन्हा लावला.