गाईचे पन्नास, बाईचे पन्नास

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हणून जाहीर केलं आणि गोशाळांना एका देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये देण्याचं मंजूर केलं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता, निराधार बाईला जुलै २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये मिळतात. तिसांनी भागून पाहा. पन्नासच येतात.

हा हिशेब बैठकीत मांडला की बायका हसतात. कुणीतरी म्हणतं, "बरंय, निदान गाईच्या बरोबरीला तरी आलो." हसणं समजू शकतं, पण मैत्रिणींनो, मला गाय आणि बाई अशी झुंज लावायची नाही. गाईने आपलं काही खाल्लेलं नाही. कडब्याचा आजचा भाव पाहिला तर पन्नास रुपयांत तिचंही पोट भरत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हे पन्नास कुणाच्या हातात पडतात? आणि बाई आणि जनावर यांची ताटातूट केल्याशिवाय आपल्याकडे दया का करता येत नाही?

आमचं काम कळमनुरी तालुक्यात, वारंगा फाट्याच्या आसपासच्या गावांत चालतं. फाटा म्हणजे तीन वाटा : एक नांदेडची, एक हिंगोलीची, एक हदगाव-उमरखेडवरून नागपूरकडे जाणारी. खिचडी खायला थांबलेल्या गाड्यांतून दानशूर मंडळीही उतरतात. साड्या वाटतात, शिलाई मशीन वाटतात, ब्लँकेटं वाटतात, फोटो काढतात. गोशाळेसाठी पावतीपुस्तक घेऊन फिरणारेही येतात. दोघांच्या तोंडी शब्द मात्र एकच असतो, 'सेवा'. बहुतेक संस्थांची नोंदणीही एकाच कायद्याखाली असते, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. पण बाईची संस्था जनावराला दारात उभं करत नाही आणि जनावराची संस्था बाईला विचारत नाही. आमच्या गावांतली बाई तर जनावराशिवाय जगतच नाही. सकाळी शेण काढते, दिवसभर हळदीच्या नाहीतर कापसाच्या रानात मजुरी करते, येताना डोक्यावर गवताचा भारा आणते. ज्या बाईला जमीन नाही, तिची शेळी हेच तिचं बँकेचं खातं. पोरगं आजारी पडलं की एक करडू बाजारात जातं.

फाट्याजवळच्या एका गावातल्या बाईची गोष्ट सांगते. नवरा मारायचा. हात मोडला तेव्हा ती आमच्याकडे आली. आम्ही एका निवारागृहात तिची सोय लावली. गाडी ठरली, कपड्यांचं गाठोडं बांधलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, मी येते, पण शेळ्या कुणाच्या दावणीला बांधू?" चार शेळ्या होत्या, दोन गाभण. मागे ठेवल्या तर आठ दिवसांत नवरा विकून पिणार, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. निवारागृहाला फोन केला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "इथे माणसांची सोय आहे, जनावरांची नाही." तेही खोटं नव्हतं. ती गेली नाही. संस्थेच्या नोंदवहीत शेरा पडला : 'पीडित महिलेने निवारा नाकारला.'

हा शेरा मला अजून डाचतो. तिने निवारा नाकारला की निवाऱ्याने तिची चार वर्षांची कमाई नाकारली? 'सखी' केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पुढे 'शक्ती सदन' आहे. कागदावर सोय आहे. पण ही सोय आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी बाई आहे ती एक गाठोडं आणि दोन लेकरं घेऊन निघते. तिच्या मागे दावं नसतं. खेड्यातली बाई अशी असते का?

कॅनडात या प्रश्नावर बरंच काम झालं आहे. घरातल्या प्राण्याला नवरा इजा करेल या भीतीने बायका मारझोडीचं घर सोडायला उशीर करतात, असं तिथल्या अभ्यासकांना आढळलं. मग काही ठिकाणी बायकांची निवारागृहं आणि प्राण्यांच्या संस्था एकमेकींशी जोडल्या गेल्या : बाई निवाऱ्यात असेपर्यंत तिचा प्राणी दुसरी संस्था सांभाळते आणि ती सावरली की परत करते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तर जानेवारी २०२४ पासून घटस्फोटात पाळीव प्राणी कुणाकडे राहावा हे ठरवताना घरातली हिंसा आणि प्राण्याला दिलेल्या धमक्या न्यायालयाला विचारात घ्याव्या लागतात. तिथे बहुधा कुत्र्या-मांजरांचा प्रश्न असतो, म्हणजे मायेचा. आपल्याकडे मायेसोबत पोटाचाही. मग आपल्याकडे हे का होऊ नये? फाट्यापासून हाकेच्या अंतरावरच्या गोशाळेने बाईच्या चार शेळ्या दोन महिने सांभाळल्या तर कोणता धर्म बुडणार आहे?

कॅनडाचं सगळं गोड आहे असं समजू नका. टोरांटोला १८८७ साली जी दयाळू संस्था निघाली ती लहान मुलं आणि जनावरं या दोघांसाठी एकच होती. दोन्ही मुकी, दोन्ही दुबळी, असा हिशेब. १८९१ मध्ये मुलांसाठी वेगळी संस्था काढावी लागली. आपल्याकडे बाईचा हिशेब अजून तोच आहे. मुलगी दाखवताना 'गाईसारखी गरीब आहे हो' म्हणतात, आणि दिल्या दावणीला ती राहिली की चांगली म्हणतात. दान देणाऱ्यालाही तशीच बाई लागते : मुकी. शेळ्यांसाठी अडून बसणारी बाई त्याला हटवादी वाटते.

आता गोशाळेच्या पन्नास रुपयांकडे वळू. ते मिळवायला गोशाळेकडे निदान तीन वर्षांचा अनुभव आणि किमान ५० गोवंश लागतो. म्हणजे एका विधवेच्या दारात एक भाकड देशी गाय असेल तर तिला शून्य. वैरण परवडेना म्हणून तीच गाय तिने गोशाळेत सोडली, की त्या गाईमागे दिवसाला पन्नास सुरू. गाय तीच, खाणं तेवढंच. फक्त बाई मधून गेली. बैलाचं तर त्याहून अवघड. २०१५ च्या कायदादुरुस्तीपासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेला बैल विकून नव्या खोंडाला हातभार लावायचा, हा कोरडवाहू शेतकऱ्याचा जुना मार्ग बंद झाला. नवऱ्याने आत्महत्या केलेल्या घरात तो बैल आता कोण पोसतं? बाई. कोणत्या अनुदानातून? कोणत्याच नाही.

गाईचे वर्षाचे झाले १८,२५० रुपये. तिकडे निराधार योजनेत बाईच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. अख्ख्या कुटुंबाला दिवसाला सत्तावन्न रुपये! याहून जास्त कमावलं तर ती निराधार नाही. (अपंगांसाठी ही मर्यादा वेगळी आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्यांची रक्कम २५०० झाली. ती लढून मिळाली, हे विसरू नका.) दोन शेळ्या पाळून बाई जरा सावरली की तिला धाक असतो, कुणी तक्रार तर करणार नाही ना? म्हणजे पन्नास रुपये टिकवायचे तर तिने गरीबच दिसत राहायचं.

काही सहकारी मैत्रिणी म्हणतात, आपण बायकांचं काम करतो, शेळ्या-मेंढ्यांचं कुठे काढता? मला हे पटत नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायका हजारोंनी जमल्या. पुढे शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मी मुक्ती'त शरद जोशींनी बायकांच्या नावे जमीन करा म्हणून गावोगाव फिरून सांगितलं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की बाईचं काम सोडून जमिनीचं काय काढलंत. जिच्याकडे जमीन नाही तिची जमीन म्हणजे तिची जनावरं. आणि प्राणिमित्रांचा आक्षेपही मी ऐकला आहे : ती शेळी शेवटी खाटकालाच जाणार, मग आम्ही कशी सांभाळायची? हो, जाणार. त्या पैशात पोरीची फी भरली जाणार. त्यांना ही दया जमत नसेल तर तसं त्यांनी उघड सांगावं, पण मग 'मुक्या जिवांची सेवा' हा फलक जरा बारीक अक्षरात लावावा.

दान द्यायचंच असेल तर जागा पुष्कळ आहेत. १० शेळ्या आणि १ बोकड अशी सरकारी गटयोजना आहे. तिच्यात अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थीला २५ टक्के आणि इतरांना ५० टक्के हिस्सा स्वतः उभा करावा लागतो. एकट्या बाईकडे तो नसतो, म्हणून ती अर्जच करत नाही. साड्या वाटणाऱ्यांनी हा हिस्सा भरावा. शेळ्या बाईच्या नावावर, पावती तिच्या नावावर, विमा तिच्या नावावर. फोटो नको.

आणि आपण? कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम १९, पोटकलम ८ आहे : स्त्रीधन किंवा तिच्या हक्काची इतर मालमत्ता परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. आपण यादी करताना मंगळसूत्र, भांडी, पलंग लिहितो. शेळ्या, म्हैस, कोंबड्या कधी लिहितो का? आमच्या तालुक्यात आता लिहायला लागलो आहोत. रंग, खूण, कानातला बिल्ला, किती वेत झाले, सगळं. पहिल्यांदा वकीलसाहेब हसले. दुसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "जनावरं किती?"

तुमच्या तालुक्यात, जिल्ह्यात जे निवारागृह असेल तिथे जाऊन एवढंच विचारा : शेळ्या घेऊन बाई आली तर काय करता? सोबत जवळच्या गोशाळेलाही विचारा, तिच्या शेळ्या दोन महिने ठेवाल का? काय उत्तर मिळालं, कुणी दिलं, तोंडी की लेखी, ते पुढच्या अंकाआधी आम्हाला पत्राने कळवा. नाही म्हणाले तर नाही म्हणाले असंच लिहा.