रस्ता वेशीपर्यंत आला, आता दारापर्यंत आणा

प्रति,
आयुक्त, भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका;
महानगर आयुक्त, एमएमआरडीए;
सार्वजनिक बांधकाम विभाग, ठाणे;
मध्य रेल्वे, मुंबई विभाग;
आणि ठाणे वाहतूक पोलीस



मी भिवंडीतल्या कामतघरला राहतो आणि गेली पंचवीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या धंद्यात बिल्ट्या फाडतो. आमच्याकडे वऱ्हाळदेवीचा तलाव आहे, भिवंडी रोड स्टेशन जवळ आहे, आणि थोडं पुढे गेलं की अंजूर फाटा. तिथून ठाणे, वसई, नाशिक, कुठेही निघता येतं. या जागेचं मोल मला ठाऊक आहे. ते रोज वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे पत्र.

भिवंडी हे जुनं खाडीबंदर. १८५३ साली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली आणि भिवंडी बाजूला राहिली. पुढे यंत्रमागांनी शहर तगवलं. सूत यायचं, ग्रे कापडाचे तागे जायचे, सगळं रस्त्यानं. मग मुंबईच्या जकातीनं आम्हाला दुसरा जन्म दिला. मुंबईच्या हद्दीत माल नेला की जकात भरावी लागे. व्यापारी माल हद्दीबाहेर उतरवू लागले, आणि काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली इथल्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिली.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात संपली. तेव्हा आमच्या ऑफिसात बरेच जण म्हणत होते, आता गोदामं उठणार. उठली नाहीत, उलट वाढली. दर राज्यात छोटं गोदाम ठेवण्याची गरज उरली नाही, एका मोठ्या गोदामावर भागू लागलं. ते मोठं गोदाम हवं कुठे? तर जिथून मुंबईचं गिऱ्हाईक, न्हावाशेवाचं बंदर, आग्रा रोड आणि गुजरातचा रस्ता हाताशी आहे तिथे. करामुळे आलेला धंदा जागेमुळे टिकला. माझ्या मते भिवंडीच्या अलीकडच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

सरकारनंही या जागेवर भरवसा ठेवला आहे, हे मोकळ्या मनानं सांगतो. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. नागपूरहून निघालेला हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आमच्याच तालुक्यात, आमणे इथे येऊन संपतो. माजिवडा ते वडपे रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम हाती घेतलं गेलं. मालगाड्यांच्या स्वतंत्र पश्चिम मार्गिकेची वाट खारबावच्या बाजूनं न्हावाशेवा बंदराकडे जाते. मेट्रो ५ च्या आराखड्यात अंजूर फाटा आणि धामणकर नाका ही स्थानकं आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. एवढं सगळं देशातल्या फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला येतं.

पण माल महामार्गावर उतरत नाही, गोदामाच्या शटरपाशी उतरतो. नागपूरची गाडी रात्रभर चालून पहाटे आमण्याला येते. तिथून मानकोली, अंजूर फाटा आणि पुढे आतल्या गल्लीत शिरेपर्यंत कधी दीड तास लागतो, तर कधी दुपार होते. गल्ली बैलगाडीच्या काळातली आणि वळायला चाळीस फुटी कंटेनर. तो पुढे-मागे करत राहतो, मागे रांग वाढत जाते. ट्रक उभे करायला पुरेशी जागा नसल्यानं ते रस्त्याच्या कडेलाच उभे राहतात आणि दोन लेनचा रस्ता एका लेनचा होतो. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. ती असायलाच हवी, शाळेची मुलं त्याच रस्त्यानं जातात. पण बंदी उठली की अडवलेल्या सगळ्या गाड्या एकदम सुटतात. पावसाळ्यात चिंचोटी ते अंजूर फाटा, मानकोली या रस्त्याची काय दशा होते, ते आपणा सर्वांना माहीत आहे.

गेल्या वर्षी आमची एक गाडी सकाळी सातला लागायची होती, लागली तीनला. हमालांची टोळी सातपासून बसून होती. त्यांची मजुरी नगावर. माल हलला तर पैसा, बसण्याचा काही नाही. ड्रायव्हरनं हॉल्टिंग मागितलं, मालवाल्यानं नाकारलं, मधे मी. बिल्टीवर भाड्याचा, वजनाचा, नगांचा रकाना असतो, खोळंब्याचा नसतो. तो भुर्दंड कुणाच्या तरी पोटावर पडतो, आणि बहुतेक वेळा ते पोट सगळ्यात गरिबाचं असतं.

एका पावसाळ्यात मी खड्ड्याची तक्रार घेऊन तीन कार्यालयं फिरलो. नावं घेत नाही. प्रत्येक ठिकाणी नीट ऐकून घेतलं आणि पुढच्या कार्यालयाचा पत्ता दिला. एकाच वाटेवर चार यंत्रणांच्या हद्दी लागत असतील, तर ती वाट कुणाचीच उरत नाही. म्हणून माझी पहिली मागणी पैशाची नाही. मानकोली ते अंजूर फाटा, तिथून कामतघर आणि आतली गोदामं, एवढ्या पट्ट्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून एक जबाबदार अधिकारी नेमा. त्यांचं नाव आणि फोन फाट्यावर फलकावर लावा.

दुसरी मागणी ट्रक टर्मिनसची. अवजड वाहनांची बंदी असताना गाड्यांनी तिथे थांबावं, गोदामाचा दरवाजा मोकळा झाला की नंबरानं निघावं. तिथे ड्रायव्हर-क्लीनरला आंघोळ करता यावी, झोपता यावं, गरम जेवण मिळावं. हजार किलोमीटर गाडी चालवून आलेल्या माणसाला आमच्या गावात शौचाला आडोसा शोधावा लागतो, याची मला लाज वाटते.

आता रेल्वेबद्दल. २०२० मध्ये भिवंडी रोडहून पार्सल गाड्या निघू लागल्या. कोलकात्याजवळच्या सांक्राईलपर्यंत, गुवाहाटीजवळच्या आझारापर्यंत आमच्याकडचा माल रुळावरून गेला. टाळेबंदीच्या त्या वर्षात हा फार मोठा आधार होता. पण पार्सल यार्डापर्यंत टेम्पो नीट गेला तरच रेल्वेचा वाचलेला वेळ हाती लागतो. आणि माणसांचं काय? २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर असलेल्या शहराच्या या स्टेशनवर प्रवासी गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या थांबतात. या स्टेशनवरून जाणारा मार्ग एकीकडे वसईला जोडतो, दुसरीकडे दिव्यावरून पनवेलला, म्हणजे नव्या विमानतळाच्या वाटेला. मालगाड्या त्यांच्या स्वतंत्र मार्गिकेवर गेल्या की वसई–दिवा मार्गावर जागा होईल. ती प्रवाशांना द्या. वसई–पनवेल उपनगरी सेवेची चर्चा ऐकत आमची एक पिढी म्हातारी झाली.

कामतघरच्या कितीतरी मुली गोदामांत पॅकिंगच्या कामाला जातात. शिफ्ट सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो. शेअर रिक्षा भरेपर्यंत त्या ट्रकांच्या मधून, कडेच्या चिखलातून चालतात. सलग फूटपाथ, चालू दिवे आणि शिफ्टच्या वेळेला कामतघर–अंजूर फाटा–दापोडे अशी बस, एवढं झालं तर किती घरांतली काळजी मिटेल. मेट्रोच्या अंजूर फाटा स्थानकापर्यंत आमच्या वस्तीतून पायी कसं जायचं, तेही आत्ताच ठरवा. जिना झाल्यावर वाट शोधत बसू नका.

एक विनंती करतो. पावसाळ्याआधी एके दिवशी सकाळी सात वाजता आपण सर्वांनी अंजूर फाट्यावर यावं. ट्रकच्या केबिनमध्ये बसून दापोड्याच्या गोदामापर्यंत यावं आणि परत कामतघरपर्यंत पायी चालावं. गाडीची सोय मी करतो. तारीख आपण कळवा.

आपला,
कामतघरचा एक रहिवासी