ऊसतोडीला निघण्याआधी लेकरांच्या शाळेत एक चक्कर मारा
पाथर्डी : राज्यातल्या शाळांत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. वर्षभर तोंडी काम, गृहपाठ, निरीक्षण यावरून होतं ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. लेकराचं काय राहिलं ते वेळेत कळावं, हा त्याचा हेतू. आपण पालक मात्र श्रेणी बघतो अन् प्रगतिपुस्तकावर सही करून मोकळे होतो.

उदाहरण घ्या. ५२ मधून २७ वजा करून लेकरानं ३५ लिहिले. नुसती फुली मारली तर मार्क गेला, विषय संपला. नीट पाहिलं तर कळतं, ते ७ मधून २ वजा करतंय. हातचा घेणं समजलेलंच नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले की डोक्यात बसतं. माती परीक्षणाचा रिपोर्ट पेटीत ठेवून पीक येत नाही, त्याप्रमाणं खत टाकावं लागतं. तसंच हे.

आपल्या तालुक्यात याची गरज जास्त. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या गाड्या निघतात, लेकरंही जातात. शिक्षण हमी कार्ड घ्याच. पण वाचन कुठवर आलं, गणितात काय अडतं, हेही गुरुजींकडून वहीत लिहून घ्या अन् कारखान्याजवळच्या शाळेत दाखवा.

पाचवी-आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे. फेरपरीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. तेव्हा निकालाची वाट बघू नका, आत्ताच विचारा.