ब्रेकची डिस्क घासावी की बदलावी? सिंगापूरच्या गाडीमालकांपुढील दहा वर्षांचा हिशेब

सिंगापूरमधील गाडी आठ-नऊ वर्षांची झाली की तिच्या प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी मालकापुढे एकच प्रश्न उभा राहतो : हिच्यावर आता आणखी किती खर्च करायचा? सिन मिंग, उबी, काकी बुकित या भागांतील गॅरेजांमध्ये हा प्रश्न ब्रेकच्या कामात विशेष अवघड होतो. ब्रेक दाबला की पेडल थरथरते, स्टीअरिंग हलते. चाक उतरवल्यावर दिसते की पॅड संपत आले आहेत आणि डिस्कवर चरे पडले आहेत. यापुढे मार्ग दोन. डिस्क लेथवर लावून तिचा पृष्ठभाग सपाट करून घ्यायचा, ज्याला सिंगापुरात ‘स्किमिंग’ आणि महाराष्ट्रातील गॅरेजांत ‘टर्निंग’ म्हणतात. किंवा डिस्कची नवी जोडी बसवायची.

निर्णय वरकरणी किरकोळ दिसतो. परंतु गाडी ठरावीक मुदतीसाठीच बाळगता येते अशा या देशात तो तांत्रिक राहत नाही. मालक डिस्कची जाडी पाहण्याआधी मुदतीचे उरलेले महिने मोजतो, आणि धोका नेमका येथेच आहे.

मुदतीचे गणित

सिंगापूरने १ मे १९९० पासून वाहनसंख्येवर नियंत्रण आणणारी कोटा पद्धत लागू केली. नव्या गाडीसाठी ‘सीओई’ हा हक्कदाखला लिलावात बोली लावून मिळवावा लागतो आणि तो दहा वर्षे चालतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान गाड्यांच्या प्रवर्गात त्याची किंमत १,०६,००० सिंगापूर डॉलर आणि मोठ्या गाड्यांच्या प्रवर्गात १,५०,००१ डॉलरवर पोहोचली होती. दहा वर्षे संपली की गाडीची नोंदणी रद्द करायची, नाहीतर मागील तीन महिन्यांच्या सरासरी दराने पैसे भरून दाखला पाच किंवा दहा वर्षांसाठी वाढवायचा. पाच वर्षांची वाढ घेतल्यास पुन्हा मुदतवाढ मिळत नाही. शिवाय मुदत वाढवली की नोंदणी रद्द करताना मिळू शकणाऱ्या ‘पार्फ’ सवलतीवर पाणी सोडावे लागते.

या रचनेमुळे दोन प्रकारचे मालक तयार होतात. ज्याची गाडी वर्षभरात भंगारात किंवा निर्यातीला जाणार आहे, त्याला नवी डिस्क म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा वाटतो. ज्याने मुदत वाढवली, त्याने लाखाच्या घरातील रक्कम आधीच मोजलेली असते. त्या मानाने डिस्कची किंमत त्याला नगण्य वाटते आणि सुचवलेला प्रत्येक भाग तो बदलून घेतो. पहिला गरज असताना टाळतो, दुसरा गरज नसताना खर्च करतो. दोघांनीही डिस्क मोजलेली नसते.

डिस्कवर लिहिलेला आकडा

बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क वापरायची नसते, मग ती दिसायला कितीही गुळगुळीत असो. परंतु डिस्क आज त्या आकड्याच्या वर आहे, एवढे पाहून भागत नाही. लेथवर काही धातू जाणार आणि उरलेला पुढील पॅडच्या आयुष्यात झिजणार.

उदाहरणादाखल, नवी असताना २२ मिलिमीटर जाड आणि किमान २० मिलिमीटर मर्यादेची एक डिस्क घ्यावी. ती आज २०.९ भरते. लेथवर दोन्ही बाजूंनी ०.३ मिलिमीटर धातू निघाला तर २०.३ उरेल. पहिल्या पॅडच्या काळात ती १.१ मिलिमीटर झिजली असेल, तर दुसरी जोडी संपण्याच्या बऱ्याच आधी ती मर्यादेखाली जाईल. अशा वेळी टर्निंगची मजुरी वाया जाते. तीच डिस्क २१.७ भरत असती, तर टर्निंग पूर्णपणे योग्य ठरले असते. म्हणजे उत्तर मायक्रोमीटर देतो, आणि हे माप घ्यायला काही मिनिटे पुरतात.

तिसरा मार्गही असतो, जो ग्राहकाला क्वचितच सांगितला जातो. डिस्क जाड आहे, चरे उथळ आहेत, थरथर नाही, तर केवळ पॅड बदलावेत आणि डिस्कला हात लावू नये. अमेरिकेतील जनरल मोटर्सने आपल्या दुरुस्ती-सूचनांत हेच सांगितले आहे : पॅड बदलले म्हणून सवयीने डिस्क टर्न करू नये.

नवी डिस्कही का थरथरते?

पेडल थरथरले की ‘डिस्क वाकली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कची जाडी परिघावर सर्वत्र सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचा पदार्थ तिच्यावर असमान चिकटलेला असतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा लागणारा फरकही पायाला जाणवतो. याचे मूळ अनेकदा हबवर असते. डिस्क ज्या पृष्ठभागावर बसते तेथे गंज साचला, की ती किंचित तिरकी बसते आणि फिरताना डोलते. प्रत्येक फेरीत पॅड तिला एकाच जागी खरवडतात आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते.

म्हणून हब न घासता नवी डिस्क बसवली, तर काही महिन्यांनी तीच तक्रार परत येते. मग दोष डिस्कच्या दर्जाला दिला जातो आणि बिल दुसऱ्यांदा भरले जाते. डायल गेज लावून डिस्कचे डोलणे तपासणे हा त्यावरील उपाय आहे. तो बदललेल्या आणि टर्न केलेल्या अशा दोन्ही डिस्कना लागू पडतो.

तपासणीत पास, घाटात नापास

सिंगापुरात तीन ते दहा वर्षे वयाच्या मोटारींची दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी सक्तीची तपासणी होते. रोलरवर चाके फिरवून ब्रेकचा जोर मोजला जातो. ही चाचणी आवश्यक आहे, पण रोलरला डिस्कची जाडी कळत नाही. पातळ डिस्कही थंड असताना काही क्षण उत्तम पकडते. तिची उणीव उष्णतेत उघडी पडते, कारण ब्रेक गाडीची गती उष्णतेत बदलतात आणि ती उष्णता साठवायला डिस्कचे वजनच लागते.

सपाट सिंगापुरात ही वेळ सहसा येत नाही. तेथील सर्वांत उंच टेकडी, बुकित तिमाह, सुमारे १६४ मीटरची आहे. परंतु सुट्टी लागली की तेथील अनेक कुटुंबे, मराठी कुटुंबांसह, जोहोर ओलांडून गेंटिंग किंवा कॅमेरॉन हायलँड्सकडे निघतात. गेंटिंग सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. साधे भौतिकशास्त्र सांगते की हजार मीटर उतरताना गाडीची जेवढी ऊर्जा मोकळी होते, ती ताशी ९० किलोमीटर वेगावरून सुमारे तीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. खालच्या गिअरमध्ये इंजिन त्यातील काही भाग पेलते. उरलेला ब्रेकवर येतो. बोरघाट उतरलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘आता सहाच महिने उरलेत’ म्हणून मर्यादेखालची डिस्क ठेवणाऱ्याने त्या सहा महिन्यांत शाळेची एक सुट्टी येते, हे लक्षात घ्यावे.

ग्राहकाच्या हातात काय?

गॅरेजच्या बाजूनेही अर्थकारण समजून घेतले पाहिजे. सिंगापुरात जागा आणि मजुरी महाग आहे. लेथ बाळगून तासभर काम करण्यापेक्षा आयात केलेली डिस्क बसवणे गॅरेजला सोपे आणि फायद्याचे पडते. लेथवाला गल्लीत असतो आणि मजुरी परवडते, त्या महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावात तराजू उलट झुकतो. म्हणजे दोन्ही ठिकाणी मिळणारा सल्ला काही अंशी स्थानिक मजुरीचा सल्ला असतो.

कायदा मात्र ग्राहकाच्या बाजूने आहे. सिंगापूरच्या २००३ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, गरज नसताना एखादा भाग बदलणे आवश्यक असल्याचे सांगणे ही अनुचित प्रथा ठरवली आहे. तेथील स्पर्धा आयोगाच्या चौकशीनंतर २०१७ मध्ये वितरकांनी, बाहेरच्या गॅरेजात काम केल्यास वॉरंटी नाकारणाऱ्या अटी मागे घेतल्या. लघुदावे न्यायाधिकरणात २०,००० डॉलरपर्यंतचा दावा करता येतो. पण दाव्याला पुरावा लागतो, आणि येथे पुरावा म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी घेतलेले व बिलावर लिहिलेले माप. प्रत्येक डिस्कची आजची जाडी, तिची किमान मर्यादा आणि हबवरील डोलणे हे तीन आकडे मागणे हा ग्राहकाचा साधा हक्क आहे.

हा प्रश्न विजेच्या गाड्यांबरोबर संपणारा नाही. २०२४ मध्ये सिंगापुरात नोंदल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश विजेवरील होत्या. त्यांची मोटरच वेग कमी करत असल्याने पॅड फार कमी झिजतात. मात्र कमी वापरलेली डिस्क तेथील दमट हवेत गंजू शकते. तेथेही कोणी घासण्याचा, कोणी बदलण्याचा सल्ला देईल.

दाखल्याची मुदत गाडी कधी विकावी हे ठरवू शकते. डिस्क किती पातळ चालेल, हे ती बनवणाऱ्याने ठरवून डिस्कवरच कोरून ठेवले आहे. मुदतीचे महिने मोजण्याआधी तो आकडा वाचला, तर खर्चाचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते.