अब्बांचा जुना संगणक

माजिवड्याच्या आमच्या घरात अब्बांचा पेंटियम-४ संगणक वर्षभर चादरीखाली होता. मेमरी ५१२ एमबी, डिस्क भरत आलेली. भंगारवाल्याला द्यायला निघालो, पण चालती वस्तू टाकणे म्हणजे इसराफच. म्हटले, लेकीच्या अभ्यासाला होईल.

त्यावर लिनक्स होते. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी सुरू केलेला हा कर्नल म्हणजे यंत्राचे भाग आणि आपली कामे यांमधला मध्यस्थ. त्याच्यासोबत हजारो ड्रायव्हर येतात. एका घराला लागतात मोजके. ‘एलएसमॉड’ हा आदेश वापरात असलेल्या सुट्या ड्रायव्हरांची यादी देतो. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ त्या यादीबाहेरचे सुटे ड्रायव्हर वगळतो.

आम्ही यादी काढली, मग पेनड्राइव्ह लावून ती लॅपटॉपवर नेली आणि तिथे ३२-बिटी कर्नल बांधला. जुन्या संगणकावर तो नीट सुरू झाला. पण लेकीचा पेनड्राइव्ह दिसेना! दुसऱ्या दिवशी शाळेत प्रकल्प द्यायचा होता. चूक आमचीच. यादी ज्या पेनड्राइव्हवरून नेली, तो यादी काढताना लावलेलाच नव्हता!

अल्हम्दुलिल्लाह, जुना कर्नल आम्ही पुसला नव्हता. सुरुवातीच्या मेनूतून तो निवडला आणि लेकीचा प्रकल्प त्या रात्री पूर्ण झाला. सकाळी पेनड्राइव्ह, प्रिंटर सगळे जोडून नवी यादी काढली.

आपणही हे करणार असाल, तर आधी घरातले सगळे जोडा. आणि नवा कर्नल काही दिवस नीट चालल्याशिवाय जुना पुसू नका.