खुर्ची दिली कुणी, काढायची कुणी?

मैत्रिणींनो, 'आडवी बाटली' म्हणजे काय हे आता खेड्यातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. २००८ च्या शासन आदेशानंतर आपण ते मतदान पाहिलंय, काहींनी केलंयही. गावातल्या पंचवीस टक्के बायकांनी अर्ज करायचा, सह्यांची पडताळणी व्हायची, मग मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

मध्य प्रदेशात असंच एक मतदान आहे, फक्त तिथे बाटलीऐवजी खुर्ची असते. भरलेली खुर्ची म्हणजे नगराध्यक्षांना राहू द्या, रिकामी खुर्ची म्हणजे घरी पाठवा. २००१ मध्ये अनुपपूरच्या लोकांनी रिकाम्या खुर्चीला कौल दिला आणि निवडून आलेल्या अध्यक्षांना मुदतीआधी पायउतार व्हावं लागलं. २००८ साली छत्तीसगडमध्ये गुंडरदेही, नवागढ आणि राजपूर या तीन लहान शहरांनी तेच केलं. यालाच म्हणतात प्रतिनिधी परत बोलावण्याचा हक्क. जयप्रकाश नारायण यांच्या १९७४ च्या आंदोलनात त्याची मागणी होती, २०११ मध्ये अण्णा हजारे यांनी ती पुन्हा केली. आमदार-खासदारांच्या बाबतीत तो हक्क अजूनही आपल्याला नाही.

बचत गटात हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणते, "काम करत नाही तर पाच वर्षं का सोसायचं? घरगडीसुद्धा आपण ठेवत नाही!" दुसरी म्हणते, "अहो, आज निवडून द्यायचं आणि उद्या काढायचं, मग ती बाई काम करणार कधी?" दोघींचंही खोटं नाही. माझं म्हणणं एवढंच की, काढणं न्यायाचं की अन्यायाचं हे काढणारा कोण त्यावर ठरतं.

आपल्याकडे सरपंचाला काढायचा नेहमीचा रस्ता म्हणजे अविश्वास ठराव. तो आणतात सदस्य, गाव नव्हे. सरपंच सदस्यांमधूनच निवडला जायचा तेव्हाची, माझ्या ओळखीच्या एका ताईंची गोष्ट सांगते. महिला राखीव जागा, नऊ सदस्यांची पंचायत. ताई सातवी शिकलेल्या, पण हिशेबाला पक्क्या. जे गटार गावात कुणी पाहिलंच नाही त्याच्या बिलावर त्यांनी सही करायला नकार दिला. पंधरा दिवसांत सात सदस्य 'सहली'ला गेले. सहल म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, मोबाईल बंद आणि जेवणखाण कुणाच्या तरी खर्चाने. ते परतले ते थेट विशेष सभेच्या दिवशी, एकाच गाडीतून. तहसीलदारांसमोर हात वर झाले, सात विरुद्ध दोन, आणि ताई घरी. ज्यांच्यासाठी त्या भांडल्या त्या बायका बाहेर पारावर बसून होत्या. त्यांना कुणी विचारलं? कारण काय लिहिलं होतं ठरावात, तर 'विश्वासात घेऊन काम करत नाहीत'.

असं होतं म्हणूनच तेव्हा कायद्यात महिलांसाठी वेगळी तरतूद होती. एरवी दोन तृतीयांश सदस्य पुरत, पण राखीव पदावरच्या महिला सरपंचाला काढायचं तर तीन चतुर्थांश लागत. नऊमधले सात म्हणजे नेमके तेवढेच. ज्यांना सहलीला न्यायचं असे ते एक जास्तीचा माणूस गाडीत बसवत, इतकाच काय तो फरक.

२०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा झाला. २०२० मध्ये सरकार बदलल्यावर तो रद्द झाला, २०२२ मध्ये पुन्हा आला. (या उलटसुलटीत आपलं मत कुणी विचारलं नाही, ते असो.) या कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून पटते. तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर केला तरी तेवढ्याने सरपंच जात नाही, विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान होऊन गावाने त्यावर शिक्कामोर्तब करावं लागतं. शिवाय निवडून आल्यावर पहिली दोन वर्षं ठराव आणताच येत नाही. सात जणांना सहलीला नेता येईल, अख्ख्या गावाला नेण्याइतकी मोठी बस अजून निघालेली नाही!

दोन वर्षांची सवड काहींना खटकते. मला ती हवीच वाटते. घरपट्टीची थकबाकी वसूल करणं, रस्त्यावरची अतिक्रमणं काढणं, चोरून घेतलेले नळ तोडणं, ही कामं केली की पहिल्या वर्षी शिव्याच मिळतात. त्यातही बाईने केलं की जास्त. पडलेला उमेदवार तर निकालाच्या रात्रीपासून टपलेला असतो.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. कारभार सरपंचपती बघतात, टँकर आपल्याच वाड्यात रिकामा होतो आणि सगळे सदस्य खिशात. अशा गावाने काय करायचं? सदस्य ठराव आणणार नाहीत आणि गावाला तो आणायचा हक्क नाही. मध्य प्रदेशातसुद्धा सुरुवात तीन चतुर्थांश नगरसेवकांनीच करायची असते, लोकांकडे फक्त शेवटचा शब्द. गैरवर्तनाची तक्रार आपल्याकडे करता येते, जिल्हा परिषदेकडून चौकशी होते, विभागीय आयुक्त निर्णय देतात, वर अपील. तोवर मुदत संपत आलेली असते. हरियाणाने २०२० मध्ये वेगळी वाट काढली. तिथे तेहतीस टक्के मतदारच लेखी मागणी करू शकतात, मग गुप्त मतदानात सदुसष्ट टक्के विरोधात गेले तर सरपंचाला जावं लागतं. लोकांच्या हातात सुरुवात देणारा हा कायदा मला आपल्यापेक्षा सरस वाटतो.

मात्र सह्यांचं मला भय वाटतं. दारूबंदीच्या अर्जावर सही केलेल्या बायका पडताळणीच्या दिवशी कशा दबतात, हे आपण पाहिलंय. नवरा शेजारी उभा, दुकानदाराचा माणूस दारात. सरपंचाविरुद्धच्या अर्जाचंही तेच होणार. 'इथे अंगठा कर' म्हटलं की सून करते, कागदावर काय आहे ते तिला कुणी वाचूनही दाखवत नाही. म्हणून प्रत्येक सही करणारीला अधिकाऱ्याने एकटीला विचारावं, घरच्या पुरुषाला बाहेर बसवावं. अर्जात कारण स्पष्ट हवं, कोणतं काम, कोणतं बिल, कोणती तारीख. आणि मतदानाआधी सरपंचबाईंना ग्रामसभेत आपली बाजू मांडायला वेळ मिळायला हवा, तिच्या नवऱ्याला नव्हे.

राहता राहिला आकड्यांचा प्रश्न. बाटली आडवी करायला मतदान करणाऱ्यांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. लग्न होऊन गेलेल्या मुली, ऊसतोडीला गेलेल्या, वारलेल्या म्हाताऱ्या, सगळ्या यादीत असतात आणि त्यांचं न आलेलं मत उभ्या बाटलीलाच मिळतं. खुर्चीच्या बाबतीत तसं नको. झालेल्या मतदानात निम्म्याहून जास्त मतं विरोधात हवीत, आणि ती सरपंच ज्या मतांनी निवडून आली त्यापेक्षा कमी नसावीत. चारशे मतांनी बसवलेल्या बाईला दीडशे मतांनी उठवता येऊ नये.