बाटली आडवी करायची तर वेचणीआधी

आई कापूस वेचायला रानात जाते तेव्हा पोर अंगणवाडीत असते. त्याच वाटेवर दारूचे दुकान थाटू पाहणारा म्हणतो, नियमाप्रमाणे अंतर मोजून घ्या. या मोजणीवर आमचा भरवसा नाही. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दुकाने बंद करायला सांगितली. 2017 मध्ये जळगाव शहरातले राज्यमार्ग महापालिकेकडे वर्ग करण्याचा निर्णय झाला. म्हणजे दुकान हलवायचे नाही, रस्त्याचे नाव बदलायचे!

म्हणून आम्ही मीटर नव्हे, मते मोजायला सांगतो. नवे दुकान येत असेल तर ग्रामसभेत आताच विरोधाचा ठराव करा. थाटलेलेच असेल तर शासनाचा 2008 चा आदेश आहे. 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावे लागते. मेख पुढेच आहे. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते लागतात. जी बाई आली नाही, तिचे मत दुकानाच्याच पारड्यात पडते. ऐन वेचणीत मतदान लागले, बाया रोजाने रानात गेल्या, काही घरे ऊसतोडीला निघाली, की दुकानदार न लढता जिंकला.

तेव्हा मायबहिणींनो, पेरणी आटोपताच सह्या गोळा करा. मतदान वेचणीआधी घ्या, असे अर्जातच लिहा. आणि भावांनो, मतदानाच्या दिवशी रोज न कापता बायांना मोकळे करा. एक दिवस निंदणी राहिली तर दुसऱ्या दिवशी होते. पोराला लागलेली वाट मात्र सहजी सुटत नाही.